साहेब जिथं गप्प बसायचे ती खोली

मी, जिला सगळा रस्ता वस्तराबाई म्हणून ओळखतो, धंदा दाढी करणे व केस कापणे, शिक्षण चौथी, वय पन्नाशीच्या पलीकडे, हा कागद माझ्या हातानं आणि माझ्या मर्जीनं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कुणी बळजबरी केलेली नाही. माझ्यावर बळजबरी करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरण्यासारखं काही नाही," आणि लगेच एका कागदावर सही घेतली, की काही झालं तर त्या जबाबदार नाहीत. म्हटलं, तुम्ही तुमचा कागद केलात, मी माझा करते.

वकिलांनी शुद्धलेखन बघावं, मजकुराला हात लावू नये. ते म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात कुणाला काय एवढंच लिहायचं असतं." मी म्हटलं, का ते कळलं नाही तर घेणारे भांडत बसतात. ते चष्मा पुसत बसले.

कलम एक. मुद्द्याचं आधी. या कागदाचं कारण माझी खोली. मोठ्या घराच्या तळमजल्यावर, रस्त्याच्या कोपऱ्याला आहे. एक दार रस्त्यावर उघडतं, दुसरं आत घरात जातं. तिच्यात माझं दुकान आहे. ही खोली साहेबांनी त्यांच्या मृत्युपत्रानं मला दिली. साहेब म्हणजे या मोठ्या घराचे मालक. आधी अर्थमंत्री, मग परराष्ट्रमंत्री, मग पंतप्रधान, शेवटी वरच्या सभागृहाचे सभापती. आता त्यांचे चिरंजीव, ज्यांना आम्ही धाकटे साहेब म्हणतो, तेही मंत्री झाले आहेत आणि त्यांना ही खोली वडिलांच्या स्मारकासाठी हवी आहे. मी आहे तोवर ते जोर करणार नाहीत. मी गेल्यावर माझ्या भाचीला गाठतील. भाची म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी, तिशी ओलांडलेली, दुसऱ्या खुर्चीवर काम करते. हात फार चांगला आहे. स्वभाव मात्र असा की कुणी गोड बोललं की ही विरघळली. म्हणून खोलीचं मीच पक्कं करून जाणार. ते सातव्या कलमात. त्याआधी बाकीचं.

कलम दोन. बँकेत जे असेल ते माझ्या थोरल्या बहिणीला द्यावे. तिनं "एवढंच?" असं विचारू नये. शिलाई मशीन शेजारच्या चष्मेवाल्यांच्या सुनेला द्यावे, कारण ती निदान तेल घालते. कपडे कुणालाही. माझ्या नवऱ्याला काही नाही. तो कुठं आहे ते मला माहीत नाही, आणि कळलं तरी उत्तर तेच.

कलम तीन. माझ्या वडिलांचे वस्तरे, चामड्याचा पट्टा आणि धार लावायचा दगड भाचीला द्यावा. वस्तरे ओले ठेवू नयेत. हे मी तिला हजारदा सांगितलं आहे, आता कागदावरही सांगते.

वडील मोठ्या घरी रोज सकाळी साहेबांची दाढी करायला जात. त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी मला पाठवलं. पहिल्या दिवशी जिन्यावर घरचे कारभारी आडवे आले. "बाईमाणूस? साहेबांच्या गळ्याशी वस्तरा घेऊन?" वरून आवाज आला, "कारभारी, गळा माझा आहे. येऊ द्या तिला." साहेब तेव्हा नुकतेच अर्थमंत्री झाले होते आणि मी नुकतीच नवऱ्याच्या घरातून बाहेर पडले होते. दोघांनाही आपापलं काम धड जमत नव्हतं.

कारभाऱ्यांनी मला पुढचा जिना कधी चढू दिला नाही. मागचा जिना गोल आणि लांब. गरम पाणी वर नेईतो कोमट व्हायचं. मी चार दिवस सोसलं आणि पाचव्या दिवशी खालूनच ओरडले, "साहेब, पाणी वर येत नाही. तुम्हीच खाली या." कारभारी भिंतीला टेकले. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी कुणाच्या हाकेला खाली उतरलं नव्हतं, त्या घरातला माणूस गळ्यात टॉवेल अडकवून खाली आला. कोपऱ्यातल्या या खोलीत तेव्हा घोड्यांची जुनी खोगिरं पडलेली असत आणि डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नसे. उजेडासाठी मी रस्त्याकडचं दार उघडलं. पुढचं सगळं त्या उघड्या दारामुळे झालं.

कलम चार. साहेबांची खुर्ची, तिची मागची उशी आणि पाय ठेवायचा लोखंडी पाट हे खोलीबरोबरच जाईल.

या खुर्चीचं लोक काहीबाही सांगतात. मी होते, म्हणून नीट सांगते. साहेबांनी त्या वर्षी होड्यांवर कर बसवला होता. एका सकाळी एक नावाडी उघड्या दारातून तडक आत आला. "तुम्हीच ना ते? होडीवर कर बसवणारे? कधी बसलात का होडीत जन्मात?" साहेबांच्या अर्ध्या तोंडाला फेस, माझा वस्तरा हनुवटीखाली. शेजारी फायली घेऊन बसलेले त्यांचे सचिव ताडकन उठले, "कोण तुम्ही? भेटीची वेळ घेतलीय का?" मी ओरडले, "कुणी हलायचं नाही! वस्तरा गळ्यावर आहे!"

सगळे जागच्या जागी थिजले. साहेबही. नावाडी भांडायच्या तयारीनं आला होता, आणि समोरून कुणी भांडेना. तो बोलला, बोलला, ओरडला, आणि ओरडण्यासारखं संपल्यावर खोगिरावर बसला आणि हळू आवाजात खरं सांगायला लागला. होडी गळते. पलीकडच्या काठावरच्या म्हाताऱ्यांना तो फुकट आणतो. कर भरायचा तर आधी त्यांनाच सोडावं लागेल. मी मुद्दाम सावकाश दाढी केली. तोंड पुसल्यावर साहेबांनी एकच विचारलं, "त्या काठाला शाळा आहे का?" नव्हती.

कर सगळा काढला नाही, लहान होड्यांचा काढला. त्या दिवशी नावाडी गेल्यावर साहेब मला म्हणाले, "सभागृहात मला कुणी वाक्य पूर्ण करू देत नाही आणि मीही कुणाला देत नाही. आज एका माणसाचं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं." मग तोच नियम झाला. रोज सकाळी दार उघडं, कुणीही यावं, दाढी संपून तोंडाला टॉवेल लागेपर्यंत साहेब बोलणार नाहीत आणि सचिव तर मुळीच नाहीत.

यात एकदा मोठा घोळ झाला, तोही लिहिते. फेस नाकात गेला की साहेब एक बोट वर करायचे, म्हणजे मी थांबायचं. सचिव बदलून नवीन आले होते, त्यांना हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी काड्यापेटीच्या कारखान्यातल्या बायका आल्या होत्या. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, बसायला स्टूल द्यायचा कायदा करा म्हणत होत्या. साहेबांना शिंक येत होती, त्यांनी बोट वर केलं. नवे सचिव गरजले, "मंजूर!" बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या, एकीनं तर सचिवांनाच मारली, आणि साहेब शिंकून डोळे पुसेपर्यंत सगळ्या रस्त्यावर नाचत होत्या.

सचिव रडवेले झाले. "साहेब, मी जाऊन सांगतो, चूक झाली." साहेबांनी टॉवेलनं तोंड पुसलं. म्हणाले, "माझ्या खोलीत, माझ्यासमोर हो म्हटलं गेलं. आता ते माझंच." कारखाना त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याचा. मेव्हण्यानं घरी येणं सोडलं. सभागृहात विरोधी बाकांवरून "स्टूलमंत्री! स्टूलमंत्री!" असा गजर व्हायचा. साहेब लढले आणि कायदा करून घेतला. मला म्हणायचे, "विचार करकरून केलेले माझे कायदे कुणाला आठवत नाहीत. शिंकेतून झालेला तेवढा राहणार बघ."

परराष्ट्रमंत्री असताना ते फार बाहेर असत. आले की आधी खाली येत आणि म्हणत, "या दाढीचं काहीतरी कर, तिकडे सगळे घाबरत घाबरत करतात." पंतप्रधान झाल्यावर दाराशी एक पोलीस उभा राहायला लागला. नुसता उभा राहून वाट अडवत होता, म्हणून एक दिवस त्यालाही आत घेऊन बसवलं.

पंतप्रधान असताना त्यांनी स्वतःच्याच माणसांवर घाव घातला. त्यांच्यासारख्या घराण्यांना वरच्या सभागृहात जन्मानं जागा मिळायची. ती बंद करायचा कायदा त्यांनी मांडला. काका, मामा, चुलत भाऊ, सगळे इथं येऊन गेले. त्यांनाही नियम तोच, टॉवेल लागेपर्यंत बोला. एक काका म्हणाले, "आपल्याच पानातलं ओढून घेतोयस, लाज नाही वाटत?" तोंड पुसल्यावर साहेब म्हणाले, "काका, वाटते. म्हणूनच." मतदानाला त्याच नातेवाईकांनी आपली माणसं फिरवली आणि सरकार पडलं. पुढच्या सरकारनं तोच कायदा केला आणि पेपरात फोटो नव्या मंत्र्यांचे आले.

सरकार पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी खोलीत कुणी आलं नाही. पोलीसही गेला होता. साहेब नेहमीच्या वेळेला खाली आले. मी म्हटलं, "वारा येतोय, दार लोटू का?" "राहू दे," म्हणाले. त्या दिवशीही मी सावकाशच केली.

कलम पाच. साहेब देव नव्हते. गोदी कामगारांच्या संपात त्यांनी माणसं आत टाकली आणि रस्त्याकडचं दार बंद करायला लावलं. एक बाई रोज बाहेर उभी असायची, तिचा नवरा कोठडीत होता. मी फेस लावायला नकार दिला.

"हे राज्याचं काम आहे," साहेब चिडले, "तुला त्यातलं काय कळतं?"

"काही नाही कळत. दाढीतलं कळतं. अंधारात होत नाही."

"दिवा लाव."

"दिव्यानं होत नाही."

तेही हट्टी. वाढल्या दाढीनं कचेरीत जायला लागले. पेपरवाल्यांनी छापलं की पंतप्रधान आजारी आहेत. विरोधी पक्षनेत्यांनी फुलं पाठवली. ती फुलं बघून साहेब खाली आले, दार त्यांनी स्वतः उघडलं, आणि माझ्याकडे न बघता खुर्चीत बसले. ती बाई आत आली. आणि एक शब्द बोलली नाही. नुसती उभी राहिली. साहेबांना बोलता येईना, ती बोलेना, वस्तऱ्याचा तेवढा आवाज. तिचा नवरा त्याच आठवड्यात सुटला. संप मात्र त्यांनी मोडला तो मोडलाच. त्याबद्दल मी त्यांना तोंडावर बोलले आहे आणि अजूनही माझं मत तेच आहे. ते वाईटपण मी कागदातून गाळणार नाही, नाहीतर बाकीचंही कुणाला खरं वाटणार नाही.

म्हातारपणी त्यांना सभापती केलं. घंटी वाजवायची आणि लोकांना बोलू द्यायचं. मी म्हटलं, "गप्प बसायचा सराव आहेच." तेव्हा इतके हसले की मला वस्तरा लांब धरावा लागला.

कलम सहा. एक राग आहे, त्याची वाट लावायची आहे.

साहेब गेले तेव्हा सरकारी इतमाम होता. दोन्ही दारांवर शिपाई. मी सामान घेऊन रस्त्यावर उभी. सरकारी खात्यातला एक इस्त्रीचा सदरा मला म्हणाला, "बाई, यादीत तुमचं नाव नाही." आत दुसऱ्याच कुणीतरी साहेबांची दाढी केली. डाव्या कानाखाली कापलं होतं. सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं, फक्त दिसलं मला एकटीला. धाकटे साहेब तिथंच उभे होते. त्यांना त्या दिवशी काही सुचत नव्हतं, हे मला कळतं. पण मी रागावले ती रागावलेच. हा राग मी कुणाच्या नावे ठेवत नाही. माझ्याबरोबर नेईन.

धाकटे साहेब माणूस वाईट नाहीत. ऑपरेशनची तारीख लवकर मिळाली ती त्यांच्यामुळे. त्यांनी दाढी राखली आहे, त्यामुळे माझा त्यांच्याशी धंद्याचा संबंध उरलेला नाही. महिन्यापूर्वी ते खोलीचं बोलायला आले, तेव्हा मी कडा तेवढ्या सारख्या करून दिल्या.

"ताई, बाबांची खरी जागा हीच," ते म्हणाले. "खुर्ची काचेत ठेवू. भिंतीवर फोटो लावू. लोक येतील, बघतील."

"बघतील. आणि बोलतील कुणाशी?"

"आता लोक फोनवर तक्रार नोंदवतात, ताई. प्रत्येकाला क्रमांक मिळतो."

"क्रमांक ऐकून घेतो का?"

"तुम्ही मला अजून शाळकरी समजता."

"शाळेत होतात तेव्हा थोडं तरी ऐकायचात."

ते हसले, मीही हसले, आणि खोलीचं तिथंच राहिलं.

कलम सात. सदर खोली, खुर्च्या, आरसे व सर्व सामानासह, माझ्या भाचीस देण्यात यावी.

<del>अट अशी की, सदर खोली तिने कोणासही विकू नये, भाड्याने देऊ नये, स्मारकास अथवा सरकारास देऊ नये. रस्त्याकडील दार दररोज सकाळी उघडे ठेवावे व दुकान स्वतः चालवावे. ही अट ती हयात असेपर्यंत पाळावी. न पाळल्यास खोलीवरील तिचा हक्क संपेल.</del>

ही अट मी लिहिली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. वकीलही म्हणाले, "हे मात्र चोख झालं." मी भाचीला मोठ्यानं वाचून दाखवली. ती खालचे केस झाडत होती. थांबली.

"मावशी, हे जन्मभर?"

"मग काय, आठवडाभर?"

"मला जहाजावर काम मिळतंय. प्रवासी बोटीवर, तिथल्या सलूनमध्ये. अजून हो म्हटलेलं नाही. तुझं ऑपरेशन होऊ दे म्हटलं, मग सांगू."

"आणि खोली?"

"तेच विचारतेय. तू मला खोली देतेयस, का खोलीला मला देतेयस?"

मी म्हटलं, झाडून घे आधी. ती झाडून, चहा न घेता घरी गेली. माझ्याशी आजवर असं कुणी बोललं नव्हतं, आणि ही तर सगळ्यात मऊ. दोन दिवस मी गिऱ्हाइकांवर खेकसले. तिसऱ्या दिवशी, साहेबांच्या खुर्चीची उशी उन्हात टाकताना, त्यांनी शेवटच्या वर्षी सांगितलेलं आठवलं.

मी त्यांना सहज विचारलं होतं, राजकारणात कसे काय पडलात. म्हणाले, "पडलो नाही, ठेवला गेलो. आजोबांनी मृत्युपत्रात लिहिलं होतं, जो नातू सभागृहात निवडून जाईल त्यालाच घर आणि जमीन. बाकीच्यांना काही नाही. मला झाडांची कलमं करायची होती. फळबाग लावायची होती. आई म्हणाली, एकदा उभा राहा, घर वाचव, मग कर हवं ते. एकदा उभा राहिलो."

मी म्हटलं, "मग वाईट झालं का? नावाडी, त्या बायका, सगळं झालं ना तुमच्या हातून?"

"वाईट नाही झालं," साहेब म्हणाले. "पण ते माझं होतं का आजोबांचं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. चांगलं काही केलं तरी वाटायचं, म्हातारा वरून मान डोलावतोय."

वरची अट मी खोडलेली आहे. वकील म्हणाले, पान बदलून स्वच्छ लिहू. नको. खोडलेलं दिसू दे. खोडल्याशेजारी माझी सही आहे. खोली भाचीची, कसलीही अट नाही. चालवावी, विकावी, कुलूप लावून समुद्रावर जावं, धाकट्या साहेबांना द्यावी, मोडून आतली भिंत काढावी. काय ठरवलं ते मला कळवायची गरज नाही.

सहीपूर्वी एक नोंद. वकिलांनी सांगितलं की ज्याला या कागदातून काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. म्हटलं, मग धाकट्या साहेबांना बोलवा, त्यांना काहीच मिळत नाही. ते आज सकाळी आले, रस्त्याकडून. सगळा कागद वाचला, दाढीचं आणि कानाखालच्या जखमेचंही. तिथं मान वर करून म्हणाले, "मला दिसलं होतं, ताई. मलाच वाटलं की मला एकट्यालाच." मग पुढं वाचलं. साहेबांच्या आजोबांच्या अटीपाशी आले आणि खाली बसले.

"बाबा हे तुमच्याशी बोलले?"

"हो."

"माझ्याशी कधीच नाही. मी निवडणुकीला उभा राहतो म्हटलं, तेव्हा नुसते 'बरं' म्हणाले. मला वाटलं, त्यांना आनंद झाला नाही."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्यांच्यासाठी उभे राहिला असतात, नाहीतर त्यांच्यासाठी मागे फिरला असतात. त्यांच्या मृत्युपत्रात तुमच्या नावापुढं अट होती का काही?"

"नव्हती. घर सरळ माझ्या नावे. मला वाटायचं, त्यांनी फार विचारच केला नसावा."

मी माझ्या खोडलेल्या अटीवर बोट ठेवलं. त्यांनी पेन मागितलं, आणि दुसऱ्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या भाचीकडे बघून म्हणाले, "तुम्ही जाणार असाल तर जा. खोलीचं मी विचारणार नाही. तुम्ही विचारलंत तर माझं मत सांगेन." भाची म्हणाली, "मी अजून ठरवतेय."

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, आणि मला मान्य आहे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. माझ्यामागे यातल्या अर्थावरून कुणी वाद घालू नये. अर्थ सरळच आहे.

ठिकाण: दुकान, कोपऱ्यावरची खोली
तारीख: ऑपरेशनच्या आधीचा सोमवार, सकाळ

सही: वस्तराबाई
(खोडलेल्या मजकुराशेजारी वेगळी सही केली आहे.)

साक्षीदार पहिले: शेजारचे चष्मेवाले. सून मशीनची वारस आहे, मी नाही, हे वकिलांना दोनदा विचारून सही केली.

साक्षीदार दुसरे: मोठ्या घरचे धाकटे साहेब. मला यातून काहीही मिळत नाही, हे वाचून व समजून सही केली.